शामराव, गोदावरीबाई आणि दोन पुस्तकं

अंगारकीला टिटवाळ्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड, आंबिवली मागे टाकून टिटवाळ्यात शिरली की डबा अर्धा रिकामा होतो आणि सगळी गर्दी देवळाची वाट धरते. एरवी या गावाचं नाव निघतं ते जाहिरातीतल्या परवडणाऱ्या घरांसाठी. आता ते कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. जानेवारी १९४५ मध्ये याच टिटवाळ्यात महाराष्ट्र राज्य किसान सभेचं स्थापना अधिवेशन भरलं होतं, हे मात्र तिथे चौकशी केली तर फार थोड्यांना ठाऊक असेल. अध्यक्ष झाले अकोल्याचे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचे, बुवा नवले. सरचिटणीस झाले शामराव परुळेकर. आणि अधिवेशनासाठी ठाणे जिल्हा पायाखाली घालणाऱ्यांत शामरावांच्या पत्नी होत्या, गोदावरी परुळेकर.

लग्नाला तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती. पुढची वीस वर्षं त्यांनी ज्या कामात घालवली, त्याची सुरुवात या अधिवेशनातून झाली.

ठाण्यात किंवा डोंबिवलीत कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन आलं, की हॉल घेतला जातो, मुलं परदेशातून येतात आणि हल्ली एक छोटी स्मरणिकाही छापतात. पहिली भेट, चाळीतली खोली, मग फ्लॅट, मुलांची शिक्षणं, काश्मीरची सहल, नातवंडं. हा ठरलेला साचा आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण परुळेकर दांपत्याचं सहजीवन या साच्यात बसवायला गेलं तर पानं कोरी राहतात. त्यांच्या संसाराच्या खुणा शोधायच्या तर मोर्चे, संप, तुरुंग आणि दुसऱ्यांच्या झोपड्या इथे शोधाव्या लागतात. आणि दोन पुस्तकांत. एकाच घटनेवर नवऱ्याने एक पुस्तक लिहिलं, बायकोने दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये तेवीस वर्षं गेली.

गोदावरी गोखले पुण्यातल्या. जन्म १४ ऑगस्ट १९०७. वडील नामांकित वकील, घराणं गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातलं. त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर झाल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्री कायदा-पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९३२ मध्ये सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. सरकारशी जुळवून घेणाऱ्या घरात ते रुचण्यासारखं नव्हतं. पुढे त्या मुंबईला आल्या आणि भारत सेवक समाजाच्या कामात शिरल्या. गोखल्यांनी १९०५ साली काढलेली ही संस्था. सभासदाने तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर देशकार्य करायचं, अशी तिची रीत. तिथे आजीव सभासद होणारी पहिली स्त्री गोदावरी गोखलेच. मुंबईत त्यांनी प्रौढांच्या साक्षरतेची मोहीम चालवली आणि घरगड्यांची संघटना बांधली. दुसऱ्यांच्या घरात भांडी घासणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांनाही कामाचे तास आणि रजा असावी, असं १९३८ च्या सुमारास म्हणणं हे गिरणी कामगारांचा संप करण्याहून अवघड होतं. गिरणीमालक निदान समोर दिसतो. घरगड्याचा मालक म्हणजे आपलाच मामा, आपलाच शेजारी.

शामराव विष्णु परुळेकरही याच संस्थेतले. पण त्यांची राजकारणातली वाट आधीच वेगळी झाली होती. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. खोती पद्धत बंद करा, या मागणीसाठी जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत आंबेडकर आणि इंदुलाल याज्ञिक यांच्याबरोबर शामराव होते. त्याच वर्षी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जाऊन आले.

दोघांचं लग्न १९३९ मध्ये झालं. वधूने तिशी ओलांडली होती. त्या काळात पुण्याच्या ब्राह्मण घरात एवढ्यावर चार आळ्यांत चर्चा झाली असती. पण या जोडप्याने चर्चेला दुसराच विषय दिला. दोघांनी भारत सेवक समाज सोडला आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. वर्षभरात युद्धविरोधी प्रचारासाठी दोघांनाही अटक झाली आणि १९४० ते १९४२ हा संसाराचा सुरुवातीचा काळ गजाआड गेला. नवपरिणितांची घडी बसण्याचे दिवस म्हणतात ते हेच.

ठाणे जिल्ह्याशी त्यांचा संबंध लग्नाच्या आगेमागेच जुळला होता. कल्याण आणि मुरबाड तालुक्यांतल्या कुळांमध्ये त्यांनी काम सुरू केलं. आज ज्या पट्ट्यात गृहसंकुलांचे फलक दिसतात तिथे तेव्हा भातखाचरं होती, आणि खाचरात राबणारा माणूस खंड भरता भरता थकलेला होता. टिटवाळ्याच्या अधिवेशनाची तयारी करताना हे काम जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांपर्यंत पोचलं. तिथे वारली होते. आणि ज्यापुढे कल्याणच्या कुळाचं जिणं बरं म्हणावं लागेल असं जिणं ते जगत होते.

सरकारदरबारी हे माहीत नव्हतं असं नाही. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल दिला होता. तो १९३९ मध्ये छापूनही झाला. वेठबिगार कशी चालते, सावकार कसा पिळतो, हे त्यात लिहिलेलं होतं. अहवाल कपाटात गेला. शामराव-गोदावरीबाई गावात गेले. फरक एवढाच.

तिथे त्यांनी जे पाहिलं त्यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिचा संबंध लग्नाशीच आहे.

वारल्यांमध्ये लग्न म्हणजे गावाचं काम. घराच्या कुडावर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. गाणी म्हणत तीच सगळे विधी पार पाडते. वराकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचं, गावाला जेवण आणि ताडी द्यायची, कपडे घ्यायचे. हातात पैसा नसलेल्या माणसाला हे पेलवत नसे. म्हणून कित्येक जोडपी लग्नाविनाच एकत्र राहत, पोरं होत, आणि कधीतरी चार पैसे जमले की लग्न उरकत. पोराच्या लग्नात बापाचंही लग्न लागल्याची उदाहरणं त्या समाजात आहेत. पण ज्याला वेळेवर लग्न हवं त्याला एकच दार उघडं होतं, जमीनदाराचं.

जमीनदार शे-दोनशे रुपये देई. त्या बदल्यात नवरदेव त्याचा लग्नगडी होई. तो एकटा नव्हे, जिच्याशी लग्न झालं तीही. दोघांनी मालकाच्या घरी आणि शेतावर सकाळपासून रात्रीपर्यंत राबायचं. पोटापुरतं धान्य मिळायचं, मजुरी नाही. कर्ज कधी फिटलं याचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि ती वही वाचता येणारा वारली गावात नाही. त्यामुळे कर्ज फिटतच नसे. मारझोड ठरलेली. बायकोवर मालक आपला हक्क समजे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. जोडप्याचं एकत्र आयुष्य ज्या दिवशी सुरू होई, त्याच दिवशी ते गहाण पडे.

बाकीचे वारली लग्नगडी नव्हते, पण मोकळेही नव्हते. आधी मालकाच्या शेतात फुकट नांगरणी-लावणी, मग पाऊस उरला तर स्वतःच्या. लाकूडफाटा, निरोप, ओझी, सगळं वेठीवर. नाही म्हटलं तर झाडाला बांधून मार.

पुण्यातल्या वकिलाच्या घरात वाढलेल्या गोदावरीबाई या पाड्यांमधून पायी हिंडल्या, झोपड्यांत जमिनीवर झोपल्या, मिळेल ते खाल्लं, मिळालं नाही तेव्हा उपाशी राहिल्या. परक्या माणसासमोर तोंड न उघडणाऱ्या बायकांजवळ तासन् तास बसून त्यांनी त्यांची बोली कानात साठवली. सभा काय असते हे ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, अशांसमोर बोलायचं म्हणजे पक्षाच्या शिबिरातली शब्दकळा घरी ठेवावी लागते. शामराव मसुदे करणारे, कायद्याच्या अंगाने विचार करणारे, राज्यभराच्या संघटनेचा पत्रव्यवहार सांभाळणारे. हे सगळं दोघांनी बसून वाटून घेतलं असेल असं वाटत नाही. ज्याला जे साधतं ते तो करतो, आणि वर्षं गेली की लोक त्याला कामाची वाटणी म्हणतात.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. तलासरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती. हजारो वारली आले. तिथून लोक जो निरोप घेऊन परतले तो लहान मुलालाही पाठ होईल इतका सोपा होता. वेठ करायची नाही. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या जमिनीवर राबायचं नाही. कुणी हात उचलला तर गप्प बसायचं नाही. एकी सोडायची नाही. पावसाला दोन-तीन आठवडे उरले होते, आणि लावणीला माणूस मिळाला नाही तर मालकाचं वर्ष बुडतं हे दोन्हीकडच्यांना पक्कं माहीत होतं. मुहूर्त अचूक होता.

मग जे झालं ते चळवळीतल्या जुन्या माणसांनाही नवल वाटावं असं होतं. लाल बावटा खांद्यावर घेऊन स्वयंसेवक गावोगाव फिरले आणि लग्नगडी मालकांच्या घरांतून बाहेर पडले. नवरा, बायको, पोरं, डोक्यावर असेल-नसेल ते बोचकं. कुणी कर्जाचे पैसे मोजले नाहीत, कुणी कोर्टात गेलं नाही. पिढ्यान् पिढ्या चाललेली पद्धत काही आठवड्यांत मोडली. वेठबिगारीवर साऱ्या देशासाठी कायदा झाला तो १९७६ मध्ये. डहाणू-उंबरगावचे वारली त्याच्या तीस वर्षं आधी मोकळे झाले होते.

त्या पावसाळ्यात किती जोडप्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या खोपटात स्वतःची चूल पेटवली, याची नोंद कुणी ठेवली नाही. परुळेकरांच्या सहजीवनाची स्मरणिका काढायची झाली तर पहिलं पान या जोडप्यांना द्यावं लागेल.

मालकांनी पहिला धक्का पचवला आणि दिवाळीच्या आधी उलटा डाव टाकला. ऑक्टोबर हा या भागात गवत कापणीचा हंगाम. डहाणू-उंबरगावचं गवत गासड्या बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जाई. मुंबईच्या दुधाचा भाव एका अर्थी वारल्यांच्या विळ्यावर ठरे. किसान सभेने दर मागितला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त. वाकून, विळ्याने कापून, वाळवून, वाहून आणलेलं. यात कसलीही क्रांती नव्हती, साधा मजुरीचा सौदा होता. मालक अडून बसले, वारल्यांनी विळे खाली ठेवले.

तेव्हा कुणीतरी आवई उठवली की तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत. गोदूताई म्हणजे गोदावरीबाई. वारल्यांनी दिलेलं नाव. रातोरात माणसं निघाली, हातात काठ्या, कोयते. बाई तिथे नव्हत्याच. पोलीस होते. गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. या चळवळीचे हे पहिले हुतात्मे. आपल्या नावाने बोलावलेल्या सभेत आपल्या गैरहजेरीत माणसं मेली, हे मनावर घेऊन त्या बाई पुढची एकावन्न वर्षं जगल्या.

दोघांवर जिल्हाबंदी आली. पुढच्या वर्षी संप जंगलकामापर्यंत पसरला; मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते आणि सरकार काँग्रेसचं असलं तरी दंडुका जुनाच होता. जिल्ह्यात पाय ठेवता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी संसार मांडला तिथूनच हकालपट्टी. या सक्तीच्या काळानंतर शामरावांचं पुस्तक आलं. १९४७, मुंबईचं पीपल्स पब्लिशिंग हाउस, इंग्रजी, नाव ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’. छोटंसं. मजुरीचे दर, तारखा, मागण्या, सरकारी हुकूम, मालकांचे डाव. तापल्या तव्यावर लिहिलेलं, आणि लिहिलं तेही अशा वाचकासाठी जो मुंबई-दिल्लीत बसून वर्तमानपत्रातली सरकारी बातमी खरी मानत होता. त्यासाठी इंग्रजी हवी होती आणि घाई हवी होती. शामरावांनी दोन्ही गोष्टी केल्या. वकिलाने साक्षीपुरावा मांडावा तसं ते पुस्तक आहे आणि तेवढंच त्याचं काम होतं. त्यात स्वतःच्या घरादाराबद्दल काही सापडेल अशी अपेक्षा ठेवणंच चुकीचं.

पुढची वर्षं भराभर सांगून टाकता येतील. पक्षावरची बंदी, भूमिगत काळ, १९४८ चा कुळकायदा आणि तो कागदावरून शेतात उतरवण्यासाठीची भांडणं, मग संयुक्त महाराष्ट्र. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत ठाण्याची जागा दुहेरी होती. एका जागेवर शामराव निवडून आले, दुसऱ्या, आदिवासींसाठी राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे. झरीच्या परिषदेला तेव्हा बारा वर्षं होत होती. ज्या ठाण्यातून लाल बावट्याचे दोन खासदार दिल्लीला गेले, तिथूनच बरोबर वीस वर्षांनी जनसंघाच्या मुशीतले रामभाऊ म्हाळगी निवडून आले. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचत्या, नाटकं पाहणाऱ्या, दिवाळी अंक घेणाऱ्या मध्यमवर्गाला परुळेकर फारसे आठवत नाहीत त्याचं एक कारण या वीस वर्षांत आहे. पुणे-मुंबईहून इथे येऊन स्थायिक झालेल्या माणसाच्या आठवणी दादर-गिरगावच्या असतात, तलासरीच्या नसतात. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून डहाणू-तलासरी ठाण्याच्या नकाशातूनही गेली. नाहीतर गोदूताई ठाणेकरच.

तलासरीत आदिवासी मुलांसाठी वसतिगृह निघालं, आदिवासी प्रगती मंडळाचं शिक्षणाचं काम उभं राहिलं. लहानू कोम यांच्यासारखा वारली कार्यकर्ता याच मुशीत घडला आणि १९७७ मध्ये डहाणूचा खासदार झाला. वही वाचता येणारा माणूस गावात नव्हता, तिथून इथवर.

नोव्हेंबर १९६२. चीनशी युद्ध पेटलं होतं आणि कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. दोघेही पकडले गेले. पक्ष फुटल्यावर १९६४ च्या अखेरीला मार्क्सवादी पक्षाच्या पुढाऱ्यांवर पुन्हा स्थानबद्धतेचे हुकूम निघाले, त्यातही दोघे होते. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात शामरावांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. गोदावरीबाईही त्या वेळी स्थानबद्धच होत्या.

लग्न सव्वीस वर्षांचं झालं. त्यातला तुरुंग, जिल्हाबंदी आणि भूमिगत काळ वजा केला तर एका छपराखाली किती वर्षं मिळाली याचा हिशेब न केलेला बरा. गोदावरीबाईंच्या दुसऱ्या एका पुस्तकाचं नावच ‘बंदिवासाची आठ वर्षे’ आहे.

आणि मग १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आलं. मराठीत. शामरावांना जाऊन पाच वर्षं झाली होती, झरीला पंचवीस. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ते इतर भाषांतही गेलं. घटना तीच, माणसं तीच, पण शामरावांच्या पुस्तकात जिथे दर आणि तारीख आहे तिथे इथे माणसाचा चेहरा आहे. अंगावर पुरेसं वस्त्र नसल्याने झोपडीबाहेर न येणारी बाई, बोलताना हात जोडूनच उभा राहणारा म्हातारा, आणि काही महिन्यांनी त्याच म्हाताऱ्याचा बदललेला आवाज. हे लिहायला अंतर लागतं. १९४७ मध्ये त्या लिहू शकल्या नसत्या, आणि शामराव १९७० मध्येही असं लिहिते की नाही याबद्दल शंका आहे. त्यांचा पिंड वेगळा.

विधवेने लिहिलेल्या आठवणी म्हणून हे पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होईल. मराठीत पतीच्या पश्चात पत्नीने लिहिलेल्या आत्मकथनांची मोठी परंपरा आहे. रमाबाई रानड्यांपासून ती चालत आली, आणि त्यात नवऱ्याचा स्वभाव, त्याचं रागावणं, त्याचं आजारपण, शेवटचा दिवस हे सगळं येतं. गोदावरीबाईंच्या पुस्तकात शामराव कामाला असतात. कुठल्या बैठकीत, कुठल्या गावी, कुठला प्रश्न घेऊन, एवढंच. कुणाला हे कोरडं वाटेल. पण चळवळीच्या घरात वावरलेल्या माणसाला यात कोरडेपणा जाणवणार नाही. अशा घरात ‘जेवलास का’ याच्याऐवजी ‘पत्रकं पोचली का’ असं विचारतात आणि अर्थ साधारण तोच असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडे जोडप्याच्या आठवणीत नवरा ठळक आणि बायको त्याची सावली, असं बहुधा होतं. कल्याणचंच उदाहरण घ्या. १८६५ मध्ये इथल्या जोशांच्या घरात जन्मलेली यमुना नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदी झाली, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली आणि १८८७ मध्ये बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आतच गेली. तिची कहाणी आजवर लोकांना भुरळ घालते, पण ती सांगताना मध्ये उभे असतात ते गोपाळराव, त्यांचा हट्ट, त्यांचा विक्षिप्तपणा. परुळेकरांच्या बाबतीत उलटं झालं. गोदूताई लोकांना माहीत आहेत. शामराव कोण, असं विचारावं लागतं. आंबेडकरांच्या पक्षाचा आमदार, जिनिव्हाला गेलेला कामगार प्रतिनिधी, किसान सभेचा सरचिटणीस, ठाण्याचा खासदार, तुरुंगात मेलेला माणूस. आणि आज त्याचं नाव बायकोच्या नावाच्या मध्ये येतं तेव्हाच वाचलं जातं.

याची कारणं उघड आहेत. त्या एकतीस वर्षं मागे राहिल्या. लग्न टिकलं त्याहून पाच वर्षं जास्त. ८ ऑक्टोबर १९९६ ला तलासरीत त्यांचं निधन झालं तोपर्यंत त्या काम करत होत्या. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर येणाऱ्या पहिल्या स्त्री. गोदावरीबाईंनी मराठीत लिहिलं, शामरावांनी इंग्रजीत. बाईंनी माणसं लिहिली, शामरावांनी मुद्दे. तरीही आकडे, मागण्या, तारखा पडताळायला अभ्यासकाला १९४७ च्या त्या छोट्या इंग्रजी पुस्तकाकडे जावंच लागतं. त्याच्याशिवाय गोदूताईंचं पुस्तक एक हृद्य आठवण म्हणून वाचलं गेलं असतं. त्याच्यामुळे ते पुराव्याला टिकतं. एका घरातली दोन पुस्तकं एकमेकांना अशी आधार देतात, हे मराठीत फार वेळा झालेलं नाही.

शामरावांचं नाव मागे पडणं वास्तूंच्या नावांतही दिसतं. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिला नाव गोदूताईंचं. तलासरीच्या महाविद्यालयाचं नाव मात्र कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर असं पूर्ण आहे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून, शहापूर-भिवंडीवरून ठाण्यात आला, तेव्हा त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी असावेत असं पाहणाऱ्याला वाटत होतं. वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी. पायांना फोड आलेले, चपला तुटलेल्या. दहावीची परीक्षा चालू होती, मुलांची अडचण नको म्हणून मोर्चा रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेला. ठाणे-मुलुंडच्या लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, फोटो काढले, आणि पुष्कळांनी विचारलं, ही माणसं कोण, कुठल्या संघटनेची? किसान सभेची. महाराष्ट्रात जिची स्थापना टिटवाळ्याला झाली, तीच.

ज्यांना या जोडप्याबद्दल अधिक जाणून घ्यायचं आहे त्यांनी दोन्ही पुस्तकं वाचावीत, आणि जमलं तर याच क्रमाने: आधी शामरावांचं, मग गोदावरीबाईंचं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मागून पाहा. कपाटात नसेल तर मागणीची नोंद करून या. चार वाचकांनी मागितलं की पुस्तक येतं.